टोपीतलं धान

९ सप्टेंबर

"पाय वाजवू नको गं, बाळ निजलंय." आई हे म्हणाली तेव्हा मी सहा वर्षांची होते. आम्ही दोघी शेताच्या बांधावर उभ्या होतो. बाळ कुठंच नव्हतं, पाळणा नव्हता, बोरीची सावली तेवढी होती. आज लोहाऱ्याहून जीपनं आले, वस्तीकडे चालताना तोच बांध लागला आणि पाय आपोआप हळू पडले.

बालाजी अंगणात खाटेवर. वर्षानंतर पाहिला. एरवी धावत येऊन पिशवी ओढून घेतो. आज नुसता उठून उभा राहिला, सावधानमध्ये.

"आक्का, वाळलीस."

"आणि तू फुगलायस."

हसला. हसणं तरी त्याचंच आहे.

परदेशात होता, शांतिसेनेत. तिकडच्या लोकांनी ह्यांच्या छावणीवर दगडफेक केली, गेट जाळलं. ह्यांनी गोळ्या चालवल्या. त्यांची माणसं गेली. एवढं पेपरात आलं होतं. लोक का उठले, ते नव्हतं आलं.

१२ सप्टेंबर

दंगलीचं कारण विचारलं की दर वेळी नवं. काल: धान्य महागलं होतं. सकाळी: आमच्या गाडीखाली कुणाची शेळी आली. जेवताना: बाहेरच्यांनी चिथावलं, साहेब म्हणाले.

"तुला स्वतःला काय वाटतं?"

"मला वाटायचं काम न्हाय, आक्का. मला गेटवर उभं राहायचं काम."

मग ताटातलं बोट तसंच फिरवत आपणहून म्हणाला, "मास्तरनं दगा दिला." हा मास्तर छावणीजवळच्या गावचा. गेटवर येऊन बसायचा, केळी आणायचा. ह्याला त्यांचे चार शब्द शिकवले, आपले चार शिकला. 'जेवलास का' म्हणायचा म्हणे, अगदी आपल्यासारखं. दंगलीच्या दिवशी सकाळी एकटाच आला, काहीबाही बोलत राहिला. दुपारी जमाव.

"टेहळणीला आलता. म्या तशी साक्ष दिली."

मास्तर तेव्हापासून तुरुंगात आहे. २९ला बालाजीला व्हिडिओवर साक्ष कायम करायची आहे. मग निकाल.

"काय होईल त्याचं?"

"सुटत न्हाय आता तो."

१४ सप्टेंबर

आईनं मोबाइल पुढं केला. "बघ माझी लेकरं."

गेल्या दसऱ्याचा फोटो. गस्तीला निघालेली पोरं, बालाजी मधोमध. सगळ्यांच्या टोपीत घटाचं धान खोवलेलं. आईनंच गहू-ज्वारी रुमालात बांधून रजेवरून परतणाऱ्या एका पोराबरोबर पाठवली होती. परमुलखात घट बसवला पोरांनी! आईला अजून भरून येतं.

मी फोटो मोठा केला. मागं रस्त्याकडेला गावची माणसं उभी. बायका, मुलं, एक म्हातारा. एकही कॅमेऱ्याकडं बघत नाही. पोरांच्या तोंडाकडंही नाही. सगळ्यांचे डोळे थोडे वर, एकाच उंचीवर.

"हे काय बघायलेत रे, बालाजी?"

"टोपी. त्यांच्यात नसंल असलं."

फोन परत दिला. नंतर दोनदा मागून घेतला.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. शाळेत झेंडावंदनाला बालाजी प्रमुख पाहुणा. सरपंचांचं भाषण रंगलं. ह्याच गावानं परक्या चौकीवर गोफणीनं धोंडे घातले, आपल्या आज्यांनी बंदुकांपुढं छाती काढली वगैरे. टाळ्या. "का घातले धोंडे? कारण परका माणूस आपल्या मातीत येऊन आपल्यालाच विचारत नव्हता!" पुन्हा टाळ्या.

बालाजीनंही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्यावरही त्याच्या वाजत होत्या. शेजारच्या गुरुजींनी हलकेच त्याचा हात धरला.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री. पान ठेवलं. कावळे कुडावर बसले होते, पण पानाकडं न बघता बालाजीकडं बघत. तो आत गेला तेव्हा उतरले.

दुपारी आई तांदूळ निवडत म्हणाली, "उद्या घट. वावरातली चांगली माती आण रं, चाळून."

"आई, तिकडं गावली तसली माती हितं न्हाय." आणि बालाजी खुलला. आल्यापासून पहिल्यांदा. छावणीमागं झाडी, तिथं ही माती. काळी, मऊ, हात घातला की कोपरापर्यंत जावा. शेतकऱ्याचं पोर, वासावरून ओळखली त्यानं. "ल्हान ल्हान वाफ्यावानी उंचवटे, कडंनं दगड लावलेले. वर फुटके कप, वाट्या, एका लेकराच्या चपला, जोडीनं ठेवलेल्या. उकिरडा असंल, म्हणून तर येवढा कस. कप बाजूला सारले आन् टोपलंभर उचलली. तिसऱ्या दिशी धान वर! पांढरं फेक, बोटायेवढं जाड. म्या जन्मात तसलं पाह्यलं न्हाय. साहेब दुसऱ्या मुलखाचे, तेबी पाया पडले."

आईचा हात सुपात थांबला. तिनं माझ्याकडं पाहिलं. मग पुन्हा खडे काढू लागली.

उकिरड्यावर लेकराच्या चपला कुणी जोडीनं ठेवत नाही.

२२ सप्टेंबर

घट बसला. माती मीच आणली, बांधापासून लांबची.

बालाजीच्या आधी आईला एक मुलगा झाला होता. महिन्याचा होऊन गेला. तान्ह्यांना आपण जाळत नाही. बोरीखाली पुरलं, वर दूध पाजायची वाटी उपडी ठेवली. वर्षभर आई तिथून जाताना मला पाय वाजवू द्यायची नाही. बालाजी नंतरचा. त्याला कुणी सांगितलंच नाही. शुभ नाही म्हणून. त्यानं ती वाटी कधी पाहिली असती तर तिकडं टोपलं घेऊन

नाही लिहवत.

त्या पोरांच्या टोपीत काय होतं आणि रस्त्याकडेची माणसं काय बघत होती, ते आता मला माहीत आहे; उकरलेले वाफे त्यांनी पाहिलेच असतील. बहुतेक आईलाही.

२५ सप्टेंबर

घट अजून उगवला नाही. पावसाळी हवा, होतं असं. बालाजी डोकावून म्हणाला, "तिथली माती पायजे होती." चेष्टेनं. आई ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली.

विचारलं त्याला, त्या सकाळी मास्तरनं नेमकं काय केलं? दुभाषा रजेवर होता. मास्तर ह्याच्या टोपीकडं बोट करून काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा. ह्याला वाटलं, धान मागतोय. दसऱ्याचा दिवस, आपटा तिथं कुठला मिळायला. ह्यानं टोपीतलं धान काढून त्याच्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा."

"मग?"

"दोन्ही हातांत मिटून घेतलं. खाली बसला, मातीतच. मग उठून आमच्या येकेकाच्या टोपीकडं बोट करीत चालला आन् दरेकाला येक येक शब्द. शाळंत हजेरी घेत्यात तसा. तवाच म्या वळखलं. आमची माणसं मोजायलाय."

"दर वेळी तोच शब्द होता?"

"न्हाय. येगयेगळा."

मास्तर होता तो. गावातल्या सगळ्या मुलांची नावं त्याला पाठ असणार. नसलेल्यांचीही.

२६ सप्टेंबर

आईला म्हटलं, बालाजीला सांगायला हवं. ती पीठ मळत होती.

"काय सांगणार हाईस? का तुझ्या हातनं झालं म्हून?"

"एक माणूस आत आहे, आई. ह्याच्या शब्दावर."

"आन् हा भाईर हाय व्हय? बघती न्हाईस का त्याला?" पिठाचा गोळा उलटा आपटला. "बी म्या धाडलं व्हतं. चांगली माती घे, म्या म्हनलं व्हतं. मलाच घाल की आत."

घरून ह्यांचा फोन आला, कधी येतेस? म्हटलं, २९ होऊ दे.

२७ सप्टेंबर

सांगितलं. बांधावर नेऊन, बोरीपाशी. आधी आपल्या बाळाचं, वाटीचं. मग त्याचे ते वाफे. मी चपलांवर आले तेव्हा तो एक पाऊल मागं सरला. नंतर खाली बघून आणखी एक. आपण कशावर उभे आहोत ते बघत होता.

"तू गोष्टी लिहितीस, आक्का. तुला समद्यात गोष्ट दिसती."

"फोटो बघ पुन्हा."

"साहेबांनी चवकशी केलीय. बाहेरच्यांचा हात हाय." मग आवाज पार लहान झाला. "तुझं खरं म्हनलं तर ती लोकं कशापायी मेली? माझ्या टोपीपायी?"

मी हात धरायला गेले. त्यानं काढून घेतला आणि वस्तीकडं निघाला. चप्पल हातात घेऊन, चवड्यांवर.

२८ सप्टेंबर

बालाजीनं उद्यासाठी गणवेशाला इस्त्री केली. साक्ष पुटपुटत होता: सदर इसम माणसे मोजण्याच्या उद्देशाने आला. फोटो आईच्या मोबाइलमधून काढून टाकलाय. आईला वाटतं, तिच्याच हातून पुसला गेला.

लहानपणी हा खोटं बोलला की आधी माझ्याकडं बघायचा, मी सांभाळून घेईन म्हणून. सांभाळलंही. आज एकदाही बघितलं नाही.

संध्याकाळी दिवा लावायच्या आधी त्याच्यापुढं जाऊन बसले. सगळं सांगू नकोस म्हटलं. माती राहू दे, आईचं बी राहू दे, तुझं नाव राहू दे. त्या सकाळी तू त्याच्या हातावर काय ठेवलंस आणि तो खाली कसा बसला, एवढंच उद्या त्यांना सांगशील का, बाळा?