सुटलेलं अस्तर

९ फेब्रुवारी, रविवार

आज पुन्हा! बाबांनी लाल सिग्नलला गाडी तशीच पुढे काढली. मी शेजारीच बसले होते. आडवा येणारा टेम्पोवाला कचकचून ब्रेक मारून थांबला आणि त्याने खिडकीतून आमच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. बाबा छताकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मेलं कापड डोळ्यांवर येतं. दिसणार कसं?"

येतं खरं. गाडी माझ्याहून थोडीच लहान. छताचं आतलं अस्तर सुटून पोटासारखं लोंबतंय. आईने टाचण्या टोचल्यात, त्या वळणावर एकेक करून मानेत पडतात. रोजच्या पॅसेंजरांपैकी बँकेतल्या बाई मागे बसतात, त्या उतरताना टाचणी परत करतात — "घ्या, ही आजची."

रोज चार माणसं या गाडीने ऑफिसला जातात, त्यावर घर चालतं. माझी फीसुद्धा त्यातूनच गेली. आणि चोवीसला मला लांबच्या शहरात नोकरीवर रुजू व्हायचंय. डोळे मिटले की तो टेम्पो दिसतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आईला म्हटलं, मी जात नाही.

तिने हातातलं पातेलं आपटलं. "घराण्यात पहिली शिकलीस, ती घरी बसायला? बाबांना काय धाड भरलीय? कापड तर सुटलंय नुसतं!"

तेवढ्यात काकाचा फोन. त्यालाही कळवून झालेलं. "एवढी शिकलीस आणि एक कापड चिकटवता येत नाही होय गं?"

पहिली असण्याचं हे असं. गेले तर घर वाऱ्यावर सोडून गेले. राहिले तर सगळ्यांच्या कष्टांवर पाणी ओतलं. दोन्हीकडून माझंच चुकणार.

ठरलं. जायच्या आधी अस्तर मी स्वतः नीट करणार. मग मनाला टोचणी नको.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सीटकव्हरवाला म्हणाला, "टाचण्या, डिंक, काही उपयोग नाही ताई. आतला फोम कुजलाय. अस्तर ज्यावर चिकटवलंय तो पुठ्ठा आख्खा बाहेर काढावा लागेल." कापड आणि स्प्रेचा गोंद घेऊन आले. रात्रभर तोच विचार — पुठ्ठा मोडला तर?

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाबांना सुट्टी, म्हणून आज. दिवा, हँडल, उन्हाच्या झडपा, खांबांवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या — सगळं काढलं. शेवटचा स्क्रू निघाला आणि पुठ्ठा थेट डोक्यावर! ना पुढे सरके, ना मागे. दोन्ही हातांनी पेलून मी सीटवर वाकलेली. सोडला तर तो मोडणार, धरून ठेवला तर मी.

बाबा बाहेरून — "डबा तिथेच पाठवू का?"

हसले मी. मग हसता हसता रडायलाच लागले. बाबा घाबरले. "अगं, मोडला तर मोडला! आपण उघड्या पत्र्याखाली बसू." मला आणखीच रडू आलं.

शेवटी सीट आडवी पाडून मागच्या दारातून तिरका काढला दोघांनी.

जुन्या फोमची हात लावताच पिवळी भुकटी. नाकात, केसांत, कानांत. घासत बसले. आई म्हणाली, "पुरे आता, कोण बघणारे?" पण भुकटी राहिली की गोंद भुकटीलाच चिकटतो, पुठ्ठ्याला नाही. पुसलं. हात फिरवला. परत पुसलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

लागलं!! आईने कापड ताणून धरलं, मी मधून कडेकडे तळव्याने सारत गेले. एक सुरकुती नाही! वाळल्यावर पुठ्ठा जागेवर बसवला. कडेला नख घालून ओढून पाहिलं — हलत नाही. आई मागच्या सीटवर जाऊन बसली, वर बघत. मग म्हणाली, "जा आता सुखाने."

कपाटावरची बॅग काढली. दोन साड्या, सर्टिफिकेटं भरलीसुद्धा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बाबा गाडीत बसले. मी शेजारी, कौतुक ऐकायला. "झकास केलंस गं," म्हणाले. "फक्त इथे पुढे जरा लोंबतंय अजून. बघ, हे." काचेपुढे हवेत हात फिरवत राहिले. तिथे काही नव्हतं. मी छतावर बोटं दाबून पाहिली. ताठ.

"हो बाबा," मी म्हटलं, "राहिलंच ते. परत खोलावं लागेल. उतरा, किल्ली द्या. आज त्या चौघांना ऑफिसला मी सोडून येते."