बाबांना मी उठू दिलं नाही

सोमवार, १३ जानेवारी १९७५. संध्याकाळ

काल महाल वस्तीत, कुसुमच्या घराच्या पायरीवर मी बाबांना दम दिला, तिथंच सगळं फिरलं. "आत गेल्यावर एकदाही लघवीला उठायचं नाही. शुगर आहे म्हणतील तुम्हाले!" बाबा एवढंच बोलले, "बरं गा."

माझ्यासारख्या कॉलेज सोडलेल्या पोरासाठी कुसुमला मागणी घालायला आले होते ते. दोन तास बसले. कपाळावर घाम, दोन्ही हात मांडीवर दाबलेले. मला दिसत होतं, तरी मी डोळे वटारले.

शेवटी कुसुमचे वडील म्हणाले, "पोराले ना डिग्री, ना नोकरी. काय पाहून देऊ पोरगी?" मी ताडकन उठलो. बाबांना उठवेना.

घरी आल्यावर लघवी होईचना. पोट फुगलं. दवाखान्यात नळी घातली, तेव्हा कुठं सुटका झाली. डॉक्टर म्हणाले, शुगर नाही. या वयात प्रोस्टेटची ग्रंथी वाढते, मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही, म्हणून घडीघडी जावं लागतं. "पण इतका वेळ दाबून का ठेवलं?"

"थंडीनं उठावंसं नाही वाटलं, साहेब," बाबा म्हणाले. माझ्याकडे पाहिलंही नाही.

अन् ते घडीघडी उठतात म्हणून मी वर्षभर त्यांच्या चहाला शिव्या देत होतो! ते मांडीवर दाबलेले हात डोळ्यांपुढून जात नाहीत.

दुपारी कुसुमची चिठ्ठी आली. 'घरच्यांपुढं माझं चालत नाही. आता भेटू नका.' संतापायलाही जोर उरला नाही. कोणावर संतापू?

आई ओरडून राहिली, "दवाखान्यात बाबाले धोतर नेऊन दे." धोतर काखेत मारतो, दार ओढून घेतो आणि निघतो.