मागितलेलं मिळाल्यावर

४ फेब्रुवारी
आला. नवरा घरी आला! व्यसनमुक्ती केंद्रातून आणायला चर्चचे पाळकसाहेब स्वतः गेले होते. अंगानं भरलाय, गाल वर आलेत. सासूबाईंनी दोन्ही हातांनी त्याचं तोंड कुरवाळलं. मी स्वयंपाकघराच्या दारातच. इतकी वर्षं गुडघे टेकून हेच मागितलं, आणि समोर आल्यावर पाय उचलेना.
झोपायला त्यानं बाहेरच्या खोलीत गादी टाकली. ‘एकट्याची सवय झालीय,’ म्हणाला.

७ फेब्रुवारी
लिफ्टच्या कंपनीनं त्याला परत कामावर घेतलं. पण खाली, वर्कशॉपमध्ये — मोटारी खोलायच्या, साफ करायच्या. लिफ्ट दुरुस्तीला वर चढायची परवानगी अजून नाही. त्याला काही वाटलेलं दिसलं नाही. मला वाटलं.

११ फेब्रुवारी
बोलत नाही. विचारलं तर उत्तर देतो, गोड देतो, पाहुण्यासारखं. आज भाजी खारट झाली होती, तरी ‘छान झालीय.’ पूर्वी ताट भिरकावलं असतं. मग उतरल्यावर गळ्यात पडून रडला असता. मग भसाड्या आवाजात गात मला स्वयंपाकघरभर नाचवलं असतं.
ते नको होतं. देवा, ते मुळीच नको होतं! मग आठवण कशाची येते?
सासूबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या, ‘देवानं पोरगा परत दिला गं, पण आवाज तिकडेच ठेवून घेतला वाटतं!’ दोघी खूप हसलो. मग पुन्हा भांडी पुसायला लागलो.

१६ फेब्रुवारी
गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन फोनवर बोलतो. पलीकडे बसवाला. म्हणजे पूर्वी बस चालवायचा तो; दारूपायी त्याची नोकरी गेली. आता सुटलाय, आणि सुटू पाहणाऱ्यांना धरून ठेवतो. काचेतून पाहिलं — माझा नवरा हसत होता! मान मागे टाकून, खांदे हलवत.
प्रभू, मला बसवाल्याचा हेवा वाटतो. खरं सांगू का — थोडा तुझाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
आज प्रभुभोजन. द्राक्षारसाचा प्याला हातोहात फिरत आमच्या बाकावर आला. नवऱ्यानं तो नुसता पुढं माझ्या हातात दिला. मी घोट घेतला. घरी येताना तो माझ्यापासून दोन हात लांब चालत होता, तोंड रस्त्याकडे. मला वाटलं, रागावला. कोपऱ्यावर येईपर्यंत लक्षात आलं नाही — माझ्या तोंडाला वास येत होता.
घरात शिरल्या शिरल्या चुळा भरल्या. पुन्हा पुन्हा भरल्या.

२५ फेब्रुवारी
पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वेळेपासून सगळ्यांनाच मनुका उकळून काढलेला रस. मंडळीचे खजिनदार तिथेच बसले होते. लगेच म्हणाले, ‘एका माणसापायी सगळ्यांनी मनुकांचं पाणी प्यायचं?’
पाळकसाहेब चष्मा पुसत म्हणाले, ‘हो. एका माणसापायीच.’
रडायला आलं. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही.

२ मार्च, रविवार
आजचा उपदेश त्या पक्षाघाती माणसावर. चार जणांनी छप्पर उसकटून त्याला दोरांनी येशूसमोर खाली सोडला. तो बरा झाला, अंथरूण उचलून चालत घरी गेला.
आणि ते चौघे? त्यांचं पुढं काही सांगितलेलंच नाही. हाताला दोर काचलेले, भोकातून खाली बघत असतील. त्यानं एकदा तरी वर पाहिलं असेल का?

६ मार्च
कामावर, दवाखान्याच्या धुलाईघरात, आज चादरींचा ढीग. इस्त्रीच्या रुळावर माझ्यासमोर असते ती मैत्रीण म्हणाली, ‘सुटलीस बाई! माझ्या नवऱ्याला कधी सुबुद्धी होणार?’ मी ‘हो गं’ म्हणाले. चादरीचं टोक हातातून निसटलं, रुळात गोळा झालं. मशीन बंद करावं लागलं.

१० मार्च
बसवाला घरी आला. नवरा अजून कामावर होता, म्हणून धीर करून विचारलं, ‘दादा, याची दारूची ओढ आता पार गेली का हो?’
त्यानं चहाचा कप खाली ठेवला. ‘माझी गेली नाही अजून. प्रभूनं तहान काढून नाही घेतली, ताई. ती घेऊन कुणाकडे जायचं, तेवढं दाखवलं.’
‘आणि याची?’
‘ते त्याला विचारा.’
विचारलं नाही. वाटलं, त्याला विचारावं इतकी जवळची मी कुठे राहिले!

१३ मार्च
जेवताना पुन्हा तेच ‘छान झालीय.’ दिवसभर डोक्यात तेच घोळलं.

१९ मार्च
सकाळी मी डबे भरत होते. तो दारापर्यंत गेला, परत फिरला, आणि ओट्याला पाठ लावून खाली जमिनीवर बसला. 
‘आज जमेल असं वाटत नाही,’ म्हणाला. ‘रोजच असं होतं गं. घरी आल्यापासून एक दिवस चुकला नाही. तोंड उघडलं तर ‘प्यायचीय’ हेच बाहेर पडेल, म्हणून तुझ्याशी बोलत नव्हतो.’
‘बसवाल्याला फोन लावू?’
‘नको. तू बस.’
बसले. प्रार्थनेला शब्द सुचेनात, नुसता हात धरून ठेवला. घामानं ओला होता. त्यानं सोडवून घेतला नाही.