कंडक्टरने उगारलेला हात

ओट्टप्पालम, ९ जून १९९१

चि. रमणी हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र वाचनालयाच्या बाकांवर रोज सकाळी बसणाऱ्या आम्हा तीस जणांचं आहे. आमच्यासारख्या साध्या माणसांवर समीक्षक पानभर लिहितात, पण आम्हाला कुणी विचारत नाही!

तू लिहिलेल्या सिनेमातला गरीब कंडक्टर प्रवाशाला मरेस्तोवर बडवतो. मला तो समजला. थोर समीक्षक मात्र लिहितो, की हिंसेला कारणच नाही. वर म्हणतो, की लेखिकेने हा पशू घरातच पाहिला असावा!

बसवरच्या कंडक्टरकीतून निवृत्त झाल्यापासून आम्हाला पेपर मोठ्याने वाचून दाखवतात ते आमचे भावोजी, म्हणजे तुझे वडील, तुझे अच्छन. एकही ओळ गाळायची नाही, हा त्यांचा नेम. त्या दिवशी नेमकं हेच परीक्षण हाती आलं. मी म्हटलं, की भावोजी, खेळाचं पान घ्या. त्यांनी ‘पशू’सकट सगळं वाचलं. चहावाल्या औसेपने टोमणा मारला, की कंडक्टरसाहेब, चहा फुकट घ्या, पण मारू नका! सगळे हसले. मीही हसलो, याची लाज वाटते. बारा दिवस झाले, ते आलेले नाहीत.

खरं काय ते कळव.

तुझा मामा,
गंगाधरन

कोची, १४ जून

ती. अम्मावन (मामा) यांस सा. न. वि. वि.

समीक्षकांवर गरजू नका, चूक माझी आहे. मी नऊ वर्षांची, अच्छनच्या बसमध्ये पहिल्या बाकावर होते. थांबा नसताना बस थांबवली नाही म्हणून एका बड्या माणसाने त्यांच्या कानशिलात मारली. अच्छननी पडलेली तिकिटं गोळा केली, साहेबांच्या हाताला लागलं तर नाही ना, असं विचारलं आणि घंटीची दोरी ओढली. घरी मला म्हणाले, की आईला सांगू नकोस.

त्यांनी जन्मात कुणाला मारलं नाही. तो हात मी उगारला, कागदावर. आता त्यांच्यासमोर यायचा धीर होत नाही. हे पत्र तुम्हीच वाचनालयात वाचून दाखवाल?

रागवा, पण माया आटू देऊ नका.

रमणी

ओट्टप्पालम, १८ जून

चि. रमणीस आशीर्वाद.

नाही वाचणार. आजवर शेकडो सभा गाजवल्या, पण हे भाषण माझं नाही.

काल भावोजींकडे गेलो. तुझा सिनेमा ते गुपचूप पाहून आले होते. म्हणाले, की पडद्यावरचा कंडक्टर दोरी माझ्यासारखीच डाव्या हाताने ओढतो. पोरीला आठवतं तर! मी निघताना म्हणाले, की बाकीचंही सांगू दे तिला, मोठी झाली आता.

तेव्हा रविवारी सकाळी सातला ये. वाटेत त्यांना घरून सोबत घे, आणि औसेपसमोर, आम्हा सगळ्यांसमोर उभी राहून तुझं पत्र मोठ्याने वाच. एकही ओळ गाळू नकोस.

मामा