स्टडीच्या नळीची तिसरी ओळ

आई,

तुला जाऊन आता आठ वर्षं होत आली. तू असताना मी तुला कधी एक ओळ लिहिली नाही, नववीत शाळा सुटलेल्या माणसाला पेन हातात धरायला काहीतरी कारण लागतं. ते मंगळवारी मिळालं. इथे शारजात मी बोटींची कव्हरं शिवतो. दुपारी मशीनवर होतो, तेवढ्यात मुंबईच्या नंबरवरून फोन आला. आपल्या युनिटमधल्या चेकिंगच्या मॅडम. आधी मला आवाज ओळखता आला नाही. त्या म्हणाल्या, "तुझ्या आईच्या त्या नळीचं कळलंय. तुला सांगायलाच पाहिजे असं वाटलं." मी मशीन बंद केलं आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो. त्यांनी जे सांगितलं ते मला तुला सांगायचंय. पण त्याच्या आधीचं एक तुला माहीत नाही, ते सांगितल्याशिवाय हे सांगता येत नाही.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला तो तिसरा मजला मला अजून जसाच्या तसा दिसतो. चपला बाहेर, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क, अंगात पांढरा कोट, आणि बारा बायका भिंगाच्या दिव्याखाली माना घालून बसलेल्या. तारेच्या स्प्रिंगवर पातळ पॉलिएस्टरचं कापड चढवायचं आणि केसासारख्या निळ्या दोऱ्याने ते हाताने शिवायचं. एका नळीला दोन दिवस लागायचे. ही नळी माणसाच्या आत जायची. हृदयातून निघून पोटाकडे उतरणारी मोठी रक्तवाहिनी काही जणांची फुगते, सायकलची जुनी ट्यूब एके जागी फुगते तशी, आणि फुटली तर माणूस दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचत नाही. म्हणून घडी केलेली नळी जांघेतून आत सरकवतात आणि फुगलेल्या जागी नेऊन उघडतात. मग रक्त कापडातून वाहतं आणि त्या भिंतीवरचा जोर जातो. एकदा ते मोठे डॉक्टर आपल्याकडे आले होते, आठवतंय? फळ्यावर चित्र काढून सांगत होते, की काहींची वाहिनी फुगत नाही, आतला थर फाटतो आणि रक्त दोन थरांच्या मध्ये शिरतं. तू मास्कमधून विचारलंस, "म्हणजे कोटाचं अस्तर सुटतं तसं?" डॉक्टर हसले. म्हणाले, "अगदी तसंच. फक्त आम्हाला कोट अंगावर असतानाच शिवायचा असतो." त्या दिवसापासून तुला सगळ्या अस्तरवाली म्हणायला लागल्या.

त्याच डॉक्टरांची ती स्टडी होती. ज्यांची वाहिनी फुगलीय पण अजून फार नाही, त्यांना नळी लगेच घालावी की गोळ्या देऊन नुसतं लक्ष ठेवावं, हे त्यांना बघायचं होतं. कोणाला काय, ते डॉक्टर ठरवणार नव्हते, कंप्युटर चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार होता. तुला ते पटलं नव्हतं. घरी येऊन भाकऱ्या थापताना म्हणालीस, "माणसाच्या जीवाची चिठ्ठी काढतत? ह्या काय भिशी आसा?" मी म्हटलं, त्याशिवाय कळणार कसं कशाने जास्त माणसं वाचतात. मला तरी कुठे समजत होतं, मॅडमनी सांगितलं तेच मी फेकलं. स्टडीच्या नळ्या शिवायला परीक्षा होती. चारच बायका पास झाल्या, आणि त्यात तू पहिली.

मला तूच तिथे लावलंस. त्याच्या आधी मी कुरियरमध्ये, मोबाईलच्या दुकानात, एका केटररकडे, सगळीकडे महिना-दोन महिने काढून झालेले. तू ओट्यावर चहाची जुनी गाळणी घेतलीस, तिच्या तारेवर तुझ्या परकराचं कापड ताणलंस आणि मला टाका शिकवलास. दोन गाठी, तिसरी उलटी, मग कापायचं. पंधरा दिवसांत माझा हात बसला. तू गाळणी उजेडात धरून बघितलीस आणि म्हणालीस, "हात चालता तुझो. बूड खय टेकता तेवढा बघूया." युनिटमध्ये शेजारच्या बाकड्यावरची मावशी तुला म्हणाली, "पोराला आणलंस, आता सूनही आण, हे अख्खं बाकडं तुमच्याच नावावर करून टाकू." मला मात्र स्टडीचं काम नव्हतं. मी शिवलेल्या नळ्या पाण्याच्या मशीनवर जायच्या, तिथे त्या धडधडून धडधडून फाटेपर्यंत चालवायच्या. माणसाच्या आत जाणाऱ्या तुझ्या, फाडायच्या माझ्या. हे मला लागायचं. तुला मी कधी बोललो नाही.

मग तुझ्या डोळ्यांचं सुरू झालं. मोतीबिंदू कोवळा आहे, असं नाक्यावरच्या डॉक्टरने सांगितलं होतं. ते तू युनिटमध्ये कोणाला कळू दिलं नाहीस, मलाही शपथ घातलीस. तो दिवस शुक्रवार होता. चारच्या चहाला सगळ्या बाहेर गेल्या. तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, तू ड्रॉप घालायला कोट बदलायच्या खोलीत गेलीस आणि जरा पडून राहिलीस. नळी तुझ्या दिव्याखाली तशीच होती, तीन ओळी झालेल्या. मी तुझ्या जागेवर बसलो. तिसरी ओळ चिमट्याने उसवली आणि माझ्या हाताने परत शिवली. वीसेक मिनिटं लागली असतील. तुझी ओळ वाकडी गेली होती, आईची लाज राखली, असं मी स्वतःला सांगत आलोय. तू परत आलीस आणि पुढची ओळ घेतलीस. शनिवारी नळी पुरी झाली, तिच्या कार्डावर शिवणारीचा म्हणून तुझा नंबर पडला, आणि ती गेली.

नऊ महिन्यांनी सुपरवायझरनी तुला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं होतं, मी दहा पावलांवर बसलो होतो.

"काकू, ही नळी तुमची ना? कार्डावर तुमचा नंबर आहे."

"माझाच आहे."

"हा पेशंट गेला. नळीच्या बाहेर रक्त गेलं, असं हॉस्पिटलने कळवलंय. शिवण सुटली का, एवढंच विचारतायत. नक्की काही नाही."

"नक्की कसं नाही, साहेब? त्या दिवशी मला एकाचे दोन दिसत होते."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"बोलले असते तर शिवायला दिलं असतं का तुम्ही?"

माझ्या हातात चिमटा होता. मला फक्त उठायचं होतं. दहा पावलं चालून सांगायचं होतं, की साहेब, त्यातली एक ओळ माझी आहे. परीक्षा पास नसलेल्या माणसाने स्टडीच्या नळीला हात लावला, म्हणजे दोघांची नोकरी गेली असती, युनिटचीही वाट लागली असती, हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात आलं. मी खाली बघून टाका घातला. तू बाहेर आलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि मला धीर द्यावा तशी मान हलवलीस.

तुला पॅकिंगला बसवलं. दोन महिन्यांनी तू आपणहून सोडलंस. युनिटमध्ये कोणी तुला वाकडं बोललं नाही, त्याचंच तुला जास्त झालं. घरी तू भाजी निवडता निवडता मध्येच थांबायचीस. "त्येचा वय काय असतला रे?" मी म्हणायचो, माहीत नाही, आपल्याला नाव-गाव सांगत नाहीत, तिथेही नंबरच असतो. "पोरां असतली त्येका?" मी म्हणायचो, जेव आता. एकदा म्हणालीस, चिठ्ठी दुसरी निघाली असती तर त्याच्या वाट्याला गोळ्या आल्या असत्या, आणि गोळ्या खाऊन तो आज बसला असता आपल्या घरात. त्या वर्षी पितृपक्षात तू बाबांचं पान वाढलंस, आजोबांचं वाढलंस, आणि आणखी एक वाढलंस. मी विचारलं, हे कोणाचं? "माझ्या हातान गेलो त्येचा." तिन्ही पानं आपण गच्चीवर नेऊन ठेवली. कावळ्याने आधी तेच पान घेतलं. तू पदर तोंडाला लावून तिथेच बसलीस आणि म्हणालीस, "रागावलेलो नाय तो." त्या पानावर वडा मोठा होता, म्हणून कावळा आला असेल. मी तुझ्या मागे उभा होतो. गच्चीवर आपण दोघंच होतो. तेव्हा सांगता आलं असतं.

त्याऐवजी मी एजंटला पासपोर्ट दिला. सगळ्यांना सांगितलं, इथे काय ठेवलंय, तिकडे पगार चांगला आहे. तुझ्या तोंडासमोर बसवत नव्हतं, हे खरं. फोनवरही तू आधी माझ्या जेवणाचं विचारायचीस आणि मग त्याचं. "काय कळला काय रे?" मी डोळ्यांच्या ऑपरेशनचे पैसे पाठवले, ते तू तसेच ठेवलेस. शेजारच्या वहिनींनी समजावलं, अर्ध्या तासाचं काम असतं म्हणून. त्यांना तू सांगितलंस, "ह्या डोळ्यांनी आता अजून काय बघायचंय." मग एका दुपारी, स्वच्छ उजेडात, जिन्याची शेवटची पायरी तुला दिसली नाही. कमरेचं हाड मोडलं. पडून पडून छातीत पाणी झालं. मी पोचलो तेव्हा बिल्डिंगखाली खुर्च्या मांडून झाल्या होत्या.

आता मॅडमचं. नळ्या घातलेल्या आणि न घातलेल्या, दोन्हीकडच्या माणसांकडे डॉक्टरांनी इतकी वर्षं लक्ष ठेवलं. आता स्टडी बंद झाली. बंद करताना, जे गेले त्या प्रत्येकाचे स्कॅन बाहेरच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासले. त्या माणसाचेही तपासले. तुझी नळी कुठेच फाटली नव्हती, एकही टाका सुटला नव्हता. नळीच्या वर त्याची स्वतःची वाहिनी आणखी फुगत गेली, नळीचं वरचं तोंड भिंतीला टेकेनासं झालं, आणि रक्त बाहेरच्या बाजूने खाली उतरलं. त्याला कापड काय करणार, दोरा काय करणार. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या आईची शिवण अगदी धड होती रे. त्यांना कळायला हवं होतं." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सुटलो". तू मला नंतर आठवलीस. आत जाऊन मशीन चालू केल्यावर.

मंगळवारपासून मी हिशोब लावतोय, की केबिनमध्ये उठलो असतो तर काय झालं असतं. नोकरी गेली असती. तू मला दोन कानाखाली दिल्या असत्यास आणि महिनाभर बोलली नसतीस. तो माणूस माझ्या डोक्यावर आला असता, तुझ्या नाही. मी तरुण होतो, इकडे तिकडे फिरून मी विसरलो असतो. तू ऑपरेशन करून घेतलं असतंस. पायरी दिसली असती.

हा कटिंगचा कागद आहे. उद्या याच्या पाठीवर एका बोटीच्या कव्हराचं माप आखून कापायचंय, म्हणजे हे कोणाच्या हातात जाणार नाही. म्हणून एक राहिलेलं लिहितो. तुझी तिसरी ओळ वाकडी नव्हती. उसवण्याआधी मी ती भिंगाखाली धरून एक एक टाका बघितला होता. डोळे पाझरत असतानाही सगळे सारखे होते. मला फक्त बघायचं होतं, तशी ओळ माझ्या हातून येते का. तू परत येऊन बसलीस, नळी बोटांत गोल फिरवलीस, आणि काही न बोलता सुई उचललीस. तुला ओळखू आलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी खूश होतो, आई.