बाबांच्या शर्टाची नीळ

रविवार, संध्याकाळ. मुलुंड.

बाबांच्या एका फोटोने आज डोकं खाल्लं. जुन्या कॅमेऱ्यातला, नुसता जेपेग. लग्नाचे फोटो मी रॉमध्ये काढते, रंग मागाहून हवे तसे फिरवता येतात. जेपेगमध्ये तेवढी मोकळीक नाही. रंग ठीक करायला, म्हणजे व्हाइट बॅलन्ससाठी, सॉफ्टवेअरला फोटोतली पांढरी वस्तू दाखवायची असते, म्हणून बाबांच्या ऑफिसच्या शर्टावर क्लिक केलं. तर बाबा कावीळ झाल्यासारखे पिवळे. तीनदा केलं, तीनदा पिवळे. वैतागले.

मेथी निवडता निवडता आई मागून म्हणाली, "अगं, त्या शर्टाला मी नीळ घालायचे ना. जरा जास्तच."

म्हणजे शर्ट पांढरा नव्हताच; त्यातला निळा काढायला सॉफ्टवेअर सगळ्या फोटोत पिवळा ओतत होतं. इतकी वर्षं हेच काम करते, आणि हे मला सुचू नये? मग बाबांच्या हातातल्या चहाच्या पांढऱ्या बशीवर क्लिक केलं. शर्ट निळसर झाला आणि बाबा बाबांसारखे दिसले. मूळ फाइलला हात न लावता वेगळ्या नावाने सेव्ह केला.

बादलीतलं ते निळं पाणी आठवलं. त्यात बोट बुडवलं की ओरडा बसायचा. कित्येक वर्षांत घरात नीळ पाहिली नाही.

"कधी बंद केलीस गं?"

"ते गेले तेव्हा," आई म्हणाली. "पांढरं घालणारं कोण राहिलं?"