कच्चं पाणी

१९ नोव्हेंबर २००१

आलो एकदाचा शिरूरला. दौंडहून न्हावऱ्यावरून एसटीनं यायचं म्हणजे अंगाचा खुळखुळा होतो, पण घरात पाऊल टाकलं आणि शीण पळाला. नवं कोरं घर! भिंतीला टेकलं तर पाठ पांढरी होते, खिडक्यांच्या काचांवरचे कागदसुद्धा अजून निघालेले नाहीत. रेल्वे फाटकाजवळच्या एका खोलीत चौघांत झोपून वाढलेला शंभू आज तीन खोल्यांत एकटा हिंडला आणि एकेक नळ सोडून त्याचा आवाज ऐकत बसला. लोकांची नजर तेज असते, माझे कान. मोटार नुसती चालू करा, बेअरिंग गेलंय की वायंडिंग जळलंय ते मी उंबऱ्यातून सांगतो. सावळाराम मामांनी मोटारी भरायला शिकवल्या, बाकी धंदा या कानांनी उभा केला. आता नगर रोडला स्वतःचं दुकान. बायको पूनम आणि लेक चिमी घर लागलं की येतील.

मालक आबा मागच्या जुन्या घरात राहतात. त्यांची आणि माझी मधली भिंत एकच. भाडं नावालाच घेतात. मी आपला विनोद केला, आबा, घरात भूत आहे का? आबा हसून म्हणाले, अजून तर कुणीच न्हाई बाबा, तूच पयला. तीन वर्षांचा कागद करून दिला. त्यांच्या बायकोनं, अनसाबाईंनी पिठलं-भाकरी आणली आणि मी जेवून उठेपर्यंत समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. मायेची माणसं आहेत.

२३ नोव्हेंबर

चिमीनं माशांसाठी डोकं खाल्लं होतं. ती यायच्या आत टाकी सजवून ठेवायची म्हणून एसटी स्टँडमागच्या इरशादकडून मोठी काचेची टाकी आणली. खडी, पंप, हिरवी झाडं, सगळं त्यानं स्वतः येऊन लावलं. पंप घरघरत होता, मी खाली रबर लावून गप्प केला, तर म्हणतो, शंभूभाऊ, तुम्हीच या दुकानात.

एंजल माशांची जोडी मागितली तर दिली नाही. म्हणाला, पाणी कच्चं आहे. दिसायला काचेसारखं, पण अजून त्यात जीव धरलेला नाही. आधी स्वस्तातले मासे सोडायचे. त्यांच्या घाणीतून विष चढतं, मग ते विष खाणारे किडे खडीत वाढतात, मग पाणी पिकतं. आणि ते स्वस्तातले? मी विचारलं. इरशादनं पान थुंकलं आणि म्हणाला, त्यांचं काय, ते त्यासाठीच असतात. हे मात्र पटलं. धंद्यातही पहिला उतरतो तो बुडतो आणि दुसरा कमावतो. मूठभर गप्पी सोडल्या. चिमीला काच वाजवू देऊ नका, मासे बिचकतात, एवढं बजावून गेला.

२८ नोव्हेंबर

गप्पी मरायला लागल्या. तोंड उघडं, कल्ले लाल. एक अजून वळवळत होती, तीही राहू दिली, तेवढंच पाणी लवकर पिकेल. अनसाबाई दूध घेऊन आल्या होत्या. त्यांना सगळं समजावून सांगितलं, कच्चं पाणी, पहिले मासे, चढणारं विष. मोठ्या गमतीनं ऐकत होत्या. मग म्हणाल्या, व्हय की, घराचंबी तसंच असतंय. मला हसू आलं. म्हातारीला लगेच कळलं!

घराला वास सुटलाय. कोंबड्यांच्या खुराड्यात येतो तसा, उग्र. आबा म्हणाले, नव्या भिंतीचा असंल, मुरंल हळूहळू.

४ डिसेंबर

डोळे चुरचुरतात. सकाळी आरशात पाहिले तर गुंजेसारखे लाल. घशात फोड आलाय. दुकानात गेलं की बरं वाटतं, घरी आलं की पुन्हा तेच. वास टाकीचा म्हणावा तर टाकीला नाक लावून पाहिलं, तिथं कमी. भिंतीतून येतोय.

आज दुपारी जेवायला आलो आणि भिंतीपलीकडं आबांचा आवाज ऐकला. त्यांना वाटलं असेल मी दुकानात आहे. आबा म्हणत होते, डोळं लाल झाल्यात की गं त्याचं. अनसाबाई म्हणाल्या, मग लागू पडलं म्हणायचं. आबा म्हणाले, माणूस चांगलाय पर. त्यावर त्या फणकारल्या, चांगलाय तर चांगलाय! मोकळं घर माणूस मागतंय, ते का कुणाचा चांगुलपणा बघतंय? माघात आपली सून यायची हाय त्या घरात. तवर पिकाय नको?

भाकरी तोंडातच राहिली.

५ डिसेंबर

रात्र दुकानात काढली. सकाळी डोकं थंड झालं. पहिला विचार आला की गाठोडं उचलावं आणि दौंड गाठावं. मग वाटलं, का म्हणून? कागद तीन वर्षांचा आहे. आबांची सून माघात येवो नाही तर फाल्गुनात, मला बाहेर काढता येणार नाही. म्हणजे घर एकदा पिकलं की माझंच. आणि पिकायला माणूस लागतो, तो मीच असला पाहिजे असं कुठं आहे?

सावळाराम मामांना निरोप धाडला. फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत एकटे खोकत पडलेले असतात, पोरं विचारत नाहीत. नाहीतरी पिकलं पान. नवं घर, दोन वेळचं जेवण, आणखी काय पाहिजे माणसाला?

९ डिसेंबर

मामा आले. एक वळकटी आणि मोटारी तपासायचा त्यांचा जुना टेस्ट लॅम्प, बाकी काही नाही. घर बघून उंबऱ्यातच रडले. शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, शंभ्या, पोटची पोरं विसरली आन् तू मला बंगल्यात आणलंस! मी म्हणालो, मामा, मी रात्री दुकानात झोपतो, माल राखायला लागतो, तुम्ही इथंच राहा आणि चिमीच्या माशांना दाणे टाका.

अनसाबाईंनी त्यांच्यासाठीही पिठलं आणलं. समोर बसल्या. मामा लाजत होते, इतक्या मायेनं त्यांना आजवर कुणी वाढलं नव्हतं. भांडी नेताना अनसाबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं. समजल्या असाव्यात. संध्याकाळी मला चहात जादा साखर.

१५ डिसेंबर

मामांचे डोळे उघडत नाहीत. चाचपडत टाकीपाशी जातात आणि दाणे टाकतात. राहिलेल्या दोन गप्पींना नावं ठेवलीत. घसा सोललाय, पाणी गिळवत नाही. डॉक्टरांनी दमा सांगितला. मामांना परत दौंडला जायचंय का असं विचारलं. विचारलं म्हणजे, विचारावं लागतं. हात धरून म्हणाले, न्हाई रं, इथं बरं हाय, वारं येतंय.

खोलीत मला स्वतःला पळभर थांबवेना. नाकाला रुमाल लावून उभा होतो. त्यांना दिसत नव्हतं म्हणून बरं.

१८ डिसेंबर

मामा गेले. तोंड उघडं होतं. मिटता मिटेना, शेवटी पंच्यानं बांधलं. दौंडला घाटावर त्यांचा मोठा मुलगा माझ्या पाया पडला, म्हणाला, आम्ही केलं नाही ते तुम्ही केलंत.

सुंठीवाचून खोकला गेला, दुसरं काय लिहू?

२१ डिसेंबर

वास गेला! दार उघडलं तर घर कसं धुतल्यासारखं. डोळे स्वच्छ, भूक लागते. दुकानातली गादी परत घरी आणली. एसटीडी बूथवरून पूनमला फोन केला, ३० तारखेला या, चिमीला सुट्टी आहे, घर एकदम तयार. चिमीनं फोन ओढून घेतला आणि मासे किती ते विचारलं.

इरशादला बोलावलं. त्यानं बाटलीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले, रंग बघितला, म्हणाला, पहिलं विष उतरलं. मी एंजल मागितले. तो थांबा म्हणाला. पहिलं उतरतं तेव्हा त्याच्यातूनच दुसरं चढतं. त्याला वास नाही, रंग नाही. पहिल्यातनं वाचलेले मासे यात जातात. रक्त तपकिरी होतं, हवा भरपूर असली तरी त्यांना पुरत नाही. तेव्हा पाण्यात मीठ टाकायचं, मिठानं थोडा अटकाव होतो. मी म्हणालो, अरे इरशाद, तू डॉक्टर कधी झालास? मुलगी यायचीय, मासे दे. नाइलाजानं जोडी दिली.

२४ डिसेंबर

एंजल वर येऊन तोंड उघडमीट करतात. पंप नीट चाललाय, आवाज ऐकला.

गच्चीचा जिना चढताना दम लागला. थंडी असेल.

२५ डिसेंबर

दाढी करताना हनुवटीला कापलं. रक्त लाल नाही. चहासारखं. बराच वेळ बोटावर धरून बघत बसलो.

भिंतीपलीकडं अनसाबाई म्हणाल्या, पयलं उतरलं, आता दुसरं चढलं असंल. म्हातारा पयल्यात गेला. ह्यो दुसऱ्यात.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मला इरशादकडून ऐकूनही कळलं नव्हतं.

२७ डिसेंबर

पळालो. स्टँडपर्यंत पोचलो, दौंडची गाडी लागलेली, पायरीवर पाय ठेवला आणि छातीत हवाच शिरेना. बाहेर तर आणखीच कमी. मोकळ्या मैदानात गुदमरलो. एका पाण्यातला मासा दुसऱ्यात टाकला की जागेवर उलटा होतो, हे इरशादनं कधीतरी सांगितलेलं. शुद्ध आली तेव्हा आबांनी भाड्यानं केलेल्या जीपमध्ये होतो. डोकं त्यांच्या मांडीवर. कपाळ पुसत म्हणत होते, आसं कुटं पळायचं आस्तं व्हय? आपलं घर सोडून?

२८ डिसेंबर

मीठ. पिशवीभर मीठ कोपऱ्यांत ओतलं, उंबऱ्यावर, अंथरुणाखाली. दुपारी श्वास जरा —

डोळा लागला. जाग आली तर खराट्याचा आवाज. अनसाबाई. सगळं मीठ सुपात भरून नेलं. जाताना म्हणाल्या, किती रं पसारा करतोस, बायको यायची हाय ना तुझी.

२९ डिसेंबर

ओठ निळे. बूथपर्यंत चालवत नाही. अनसाबाईंचे पाय धरले, नंबर लिहून दिला, पूनमला फोन करा, येऊ नका म्हणावं, एवढं करा, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे. व्हय व्हय, करते, म्हणाल्या. डोक्यावरून हात फिरवला.

भिंतीला कान लावला. नंबर फिरवल्याचा आवाज. मग गोड आवाजात, ये गं बाई. शंभूला तुझ्याबिगर करमत न्हाई. पोरीलाबी आण. व्हय, मासं हायेत की.

फोन ठेवला. आबा काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, कितीत पिकंल कुणाला ठावं? वाईच जादा असल्यालं बरं.

३० डिसेंबर

खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या — बंद आहेत — कुणी —

टाकीशेजारी पडलोय. एक एंजल तळाला. दुसरा वर, तोंड पाण्याबाहेर.

रिक्षा थांबली. इंजिन ठोकतंय. चिमीच्या चपला, पळत. अनसाबाई — आली का गं माझी बाय, किती वाट बघायला लावलीस —

चिमी खिडकीशी. नाक काचेला चिकटवलंय. मला बघून हसली. बोटानं काच वाजवतेय, टक टक, टक टक —

पूनम, मागं फिर, म्हणून तोंड उघडलं. मिटलं. उघडलं. आवाजच —

कडी निघाली — बिजागरी वाजतेय — दार —